चौथऱ्याखालची खोकड

"प्रॉब्लेम सॉल्व्ड" असं कुणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना आता ते ठाऊक झालंय. मशीन दुरुस्त झालं तर ते "चालू झालं" एवढंच सांगतात. कारण विचारलं तर मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेते. खरं कारण आत्तापर्यंत तीन-चार जणांना सांगितलं असेल, आणि दर वेळी त्यात स्वतःला थोडं बरं करून घेतलं. एकदा तर तक्रार केल्याचं सरळ गाळूनच टाकलं. म्हणून आधी तेच लिहिते. तक्रार मीच केली होती. एकदा नाही, दोनदा.

आम्ही अल ऐनला राहतो. आठ व्हिलांचं छोटं कंपाऊंड, त्यातली शेवटची आमची. मागच्या भिंतीपलीकडे मोकळी वाळू आणि तिच्यापलीकडे खजुराची बाग. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. नवऱ्याचं ऑफिस दुबई मरीनाला. रोजचं तीन तासांचं ड्रायव्हिंग नको म्हणून तो आठवडाभर तिकडेच एका मित्राबरोबर राहतो आणि शुक्रवारी दुपारी घरी येतो. त्यामुळे मधल्या दिवसांत घरात मी आणि आमची मुलगी. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि आमचं त्याने काही अडत नाही.

स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद पट्टी आहे. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट, आणि अडगळीची एक स्टोअररूम, हातभर उंचीच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर बांधलेली. एप्रिलात, ईदची सुट्टी संपून आठवडा झाला असेल, तिथे वास यायला लागला. मांजराच्या मुतासारखा, पण त्याहून उग्र, केस जळाल्यावर येतो तशी एक झाक असलेला. दोरीवरच्या कपड्यांना तो धरायचा. मी दोन दिवस फिनेल ओतलं. फिनेलचा वास गेला, तो नाही गेला. मग मुलीची एक चप्पल नाहीशी झाली. मग मागच्या पायरीवर लेंड्या सापडल्या, त्यात खजुराची बी आणि किड्यांचे चकचकीत पंख.

मी सगळं मांजरांवर ढकललं. दोन घरं सोडून एक वयस्कर बाई राहतात, त्या संध्याकाळी भिंतीलगत ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये मांजरांसाठी खाणं ठेवतात. त्यांच्यावर मनातल्या मनात भरपूर चिडून घेतलं. मी स्वतः रोज उरलेला भात पाखरांसाठी मागे टाकत होते, ते तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मग एके दिवशी पहाटे ड्युटीला निघताना एप्रन आणायला मागचं दार उघडलं आणि ती दिसली. एसीच्या पाइपमधून पाणी ठिबकून खाली वाळूत छोटं डबकं साचायचं. त्यावर मान घालून ती पाणी पीत होती. वाळूच्याच रंगाची, काटकुळे पाय, आणि त्या चेहऱ्याला अजिबात न शोभणारे मोठाले कान. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घालून पिणं पुरं केलं. मग चौथऱ्याच्या कोपऱ्याशी गेली आणि जमिनीत शिरल्यासारखी दिसेनाशी झाली. तिथे बीळ होतं. एसीच्याच पाण्याने कोपऱ्याची वाळू भुसभुशीत होऊन खचली होती आणि तिने तेवढीच जागा धरून पुढे उकरलं होतं.

मी घाबरले. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला प्राणी दिसत नाहीत, रोग दिसतात. मला आधी रेबीज दिसला. आपली मुलगी तिथेच उन्हात पाय सोडून पुस्तक वाचत बसते, हे दिसलं. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसून मी कंपाऊंडच्या मॅनेजरला मेल लिहिला. त्यात "डेंजरस" हा शब्द दोनदा होता आणि "चाइल्ड" तीनदा. दुपारी उत्तर आलं की पेस्ट कंट्रोलची माणसं उद्या येतील, इन्शाल्ला.

ती खरंच दुसऱ्या दिवशी आली. एक ड्रायव्हर, तो गाडीतच बसला. दुसरे पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, कंपनीचा निळा शर्ट खोचलेला. त्यांनी हिंदीत विचारलं, मॅडम, जगह किधर है. मी दाखवली. ते गुडघ्यांवर बसले, आडवे झाले, गाल वाळूला टेकवून बिळात बघत राहिले. मग बोटाने वाळू चिमटीत घेऊन हुंगली. तेवढ्यात आतून मुलीने काहीतरी विचारलं आणि मी मराठीत ओरडून सांगितलं की बाहेर येऊ नकोस. ते उठून बसले.

"ताई, तुम्ही आपल्याकडच्या?" त्यांनी विचारलं. मग चौकशा झाल्या. ते संगमेश्वरकडचे. वीस वर्षं इथे, आधी बांधकामावर, नंतर या कामात. मी त्यांना दादा म्हणायला लागले. मी "कोल्हा" म्हणत होते, तर त्यांनी दुरुस्ती केली. ही खोकड, कोल्हा वेगळा, तो मोठा असतो. आणि ही मादी आहे, आत पिल्लं आहेत. महिन्याभराची असतील. मी म्हटलं, कशावरून? त्यांनी बिळाच्या तोंडाशी पडलेली पारव्याची पिसं दाखवली आणि वाळूत उमटलेल्या पावलांकडे बोट केलं. मोठ्या पावलांच्या मध्येमध्ये रुपयाएवढी इवलाली पावलं होती.

मी विचारलं, मग आता काय करणार? ते म्हणाले, आता काहीच नाही. आणखी पाच-सहा आठवड्यांत पिल्लं हिंडायला लागतील आणि ती आपणहून निघून जाईल. तोवर एसीचा पाइप बादलीत सोडा, भात टाकू नका, शेजारच्या बाईंना सांगा मांजरांची भांडी रात्री उचलायला, मुलीला या बाजूला येऊ देऊ नका. पाणी आणि खाणं मिळतंय म्हणून ती इथे आलीय, तुमच्यावर डोळा ठेवून नाही आली. त्यांच्या गावी माळ्यावर उदमांजर घर करतं, त्याचाही असाच वास सुटतो. त्याला घालवायचं तर आधी माळ्यावरचे फणस-केळी खाली काढायची, मग दोन दिवस दिवा ठेवायचा, मग ते गेल्याची खात्री करून कौल बसवायचं. हे सगळं ते सावकाश, समजावून सांगत होते. हातातल्या कागदावर त्यांनी लिहिलं की बिळात पिल्लं आहेत, बुजवू नये, खाली माझी सही घेतली आणि एक प्रत मला दिली.

आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हा माणूस काम टाळतोय. पाच-सहा आठवडे! नवरा दुबईला बसलाय, मुलीला मी कोंडून ठेवू का? गाडी गेटबाहेर पडायच्या आत मी मॅनेजरला फोन लावला होता. त्यांनी काही केलंच नाही, असं मी म्हणाले. अगदी हेच शब्द. सहीचा कागद हातात असताना.

तो म्हणाला, डोन्ट वरी मॅडम, मैं देखता हूँ.

बुधवारी साडेचारला मी घरी आले तेव्हा त्याने बघून ठेवलं होतं. चौथऱ्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा करडा, ओला चौकोन. कडा थापीने छान घोटलेल्या. आजूबाजूची वाळूसुद्धा झाडून काढलेली. मेंटेनन्सची दोन माणसं अकराच्या सुमारास येऊन गेली, असं वॉचमनने सांगितलं.

मला बरं वाटलं. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. त्या चौकोनाकडे बघून मला हायसं वाटलं, मी चहा टाकला, आणि चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली. पिल्लांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. मी त्याला म्हटलं, त्यांना दुसरी वाट असेल.

सहा वाजत आले असतील. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. ती तिथून हलेना, म्हणून मीच गेले. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. एरवी माणसाची चाहूल लागली तरी पळणारी ती खोकड उघड्यावर, भर उजेडात सिमेंट उकरत होती. थांबायची, कान जमिनीला लावायची, पुन्हा उकरायची. सिमेंटवर बोटांएवढे लालसर फराटे उठले होते. तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. आवाज खालून येत होता, बारीक, लहान बाळाला उचकी लागते तसा.

"आई, शी इज ब्लीडिंग," मुलगी म्हणाली. मग तिने विचारलं, "यू आस्क्ड देम टू डू इट, राइट?"

आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. मी हो म्हटलं.

मॅनेजरला फोन केला. सांगितलं की आत जिवंत पिल्लं आहेत, आत्ताच्या आत्ता माणसं पाठवा. तो घरी निघाला होता, गाडीत गाणी चालली होती. मला अजून तो स्वर ऐकू येतो, शांत, समजूत घातल्यासारखा.

"मॅडम, खलास. प्रॉब्लेम सॉल्व्ड. आपने ही तो कम्प्लेंट किया था."

मी म्हटलं, पेस्ट कंट्रोलवाल्यांनी बुजवू नका असं लिहून दिलं होतं. तो म्हणाला की ते त्याने वाचलं होतं, पण मीच फोन करून म्हणाले ना, की त्यांनी काही केलं नाही. दोन-तीन दिवसांत आवाज बंद होईल, वास आला तर पुन्हा फवारणी करू. मी फोन ठेवला. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता, कारण त्याने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

कागदावर दादांचा नंबर होता. त्यांना लावला. ते कामावरून येऊन सनाइयातल्या, म्हणजे इंडस्ट्रियल एरियातल्या, त्यांच्या कॅम्पवर पोचले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, घरात हातोडा आहे का? नव्हता. बरं, म्हणाले.

पाऊण तासात ते कुणाच्या तरी पिकअपमधून आले. अंगावर लुंगी आणि बनियनवर तसाच चढवलेला शर्ट, हातात छिन्नी-हातोडा. खोकड भिंतीवरून पलीकडे उडी मारून गेली. दादा सरळ मागच्या पट्टीत गेले. कोपऱ्याशी बसले, सिमेंटवर हात ठेवून बघितलं, आणि कडेकडेने घाव घालायला सुरुवात केली. वरून सिमेंट आवळलं होतं, आत कच्चं होतं. मी मोबाइलचा टॉर्च धरला. मग नुसतं धरून राहवेना म्हणून सुटलेले तुकडे हातांनी ओढायला लागले. नखं तुटली. मी सारखी बोलत होते, की मला माहीत नव्हतं ते असं करतील, मी फक्त म्हटलं होतं की, वगैरे.

त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले. दोन दिवसांपूर्वी मी ताई होते. "मी तुम्हाला पिल्लं दाखवली. पावलं दाखवली. तुम्ही सही केलीत. तुमच्यासारखी शिकलेली बाई सही करते ती वाचून करते, असं मला वाटलं होतं."

त्यांनी पुन्हा हातोडा उचलला.

पहिलं पिल्लू बिळाच्या तोंडाशीच होतं. सिमेंट ओतलं तेव्हा ते बाहेर बघायला आलं असणार. ते मेलं होतं. डोकं आणि एक पुढचा पाय सिमेंटमध्ये थिजलेला, बाकीचं अंग मऊ. दादांनी छिन्नीने नाही, बोटांनी ते मोकळं केलं, वेळ लागला, आणि शर्ट काढून त्यात गुंडाळलं. मग आडवे होऊन आत बघितलं. तीन जोड डोळे चमकतायत, म्हणाले. हात आत घातला नाही. आपल्या हाताचा वास लावायचा नाही, आई येईल, दिवे बंद करा आणि आत जा. मी म्हटलं, चहा घ्या. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मेलेलं पिल्लू त्यांनी भिंतीपलीकडच्या वाळूत पुरलं, आणि पिकअपवाला हॉर्न देत होता म्हणून उघड्या अंगानेच निघून गेले.

पहाटे मी बघितलं तर बीळ रिकामं होतं. भिंतीलगत, गेटखालच्या फटीतून बाहेर, बागेच्या दिशेने पावलांची ये-जा दिसत होती. एकावर एक इतकी पावलं, की किती फेऱ्या झाल्या ते मोजता येईना. पंधरा-वीस दिवसांनी बागेच्या कडेला तिला लांबून एकदा पाहिलं. मागे पिल्लं होती. दोन की तीन, ते गाडी चालवताना नीट दिसलं नाही. तीच होती हेही खात्रीने सांगता येत नाही.

इथे हे संपलं असतं तर माझा राग आतापर्यंत बसला असता.

मॅनेजरने सकाळी फोडलेल्या सिमेंटचे फोटो काढले. मला वाटलं, तो मला विचारायला येईल. मी तयार होते, किंबहुना वाटच बघत होते. तो आला नाही. सहाव्या दिवशी मी दादांना फोन केला, माफी मागायला, आणि कळलं की ते अल ऐनमध्ये नाहीत. मॅनेजरने त्यांच्या कंपनीला मेल केला होता, की तुमचा माणूस ड्युटी नसताना कंपाऊंडमध्ये शिरला आणि त्याने मालमत्तेची मोडतोड केली. वॉचमनने पिकअपचा नंबर लिहून ठेवला होता. कंपनीने त्यांना लेखी ताकीद दिली आणि शारजाच्या पलीकडे, हमरिया फ्री झोनमधल्या गोदामांच्या कामावर धाडून दिलं. वीस वर्षांतली पहिली ताकीद, ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी त्याच दिवशी मॅनेजरच्या ऑफिसात गेले. त्याच्या टेबलावर खजुराची बशी होती, ती त्याने माझ्यापुढे सरकवली. मी सांगितलं की त्यांना मी बोलावलं, सिमेंट मी फोडलं, मेलमध्ये माझं नाव घाला. तो हसला. "मॅडम, आपका नाम मैंने कहीं नहीं लिखा. आप टेनंट हो." हे त्याने माझ्यावर केलेले उपकार होते. भाडेकरूवर ठपका ठेवता येत नाही, मजुरावर ठेवता येतो, इतका साधा हिशेब, आणि तो मला सांगताना त्याला जराही संकोच वाटला नाही, कारण तो मला आपल्यातली समजत होता. मी ती बशी उचलून खाली आपटली नाही. नुसती परत त्याच्याकडे सरकवली आणि बाहेर आले. याचाही मला आज राग येतो. आपटायला हवी होती.

घरी येऊन मी पेस्ट कंट्रोल कंपनीला लांबलचक मेल लिहिला. सगळं कबूल केलं, सहीच्या कागदाचा फोटो जोडला. उत्तरात दोन ओळी आल्या. फीडबॅकबद्दल आभार, आपलं समाधान हेच आमचं ध्येय. पुन्हा लिहिला, पुन्हा त्याच दोन ओळी. फोन केला तर हबीबी-हबीबी करत एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे.

शुक्रवारी नवरा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की झालं ते वाईट झालं, पण आता तू किती ताणणार? आपण इथे भाड्याने राहतो, सप्टेंबरमध्ये रिन्यूअल आहे. मी त्याला म्हटलं, तुझ्यात आणि त्या मॅनेजरमध्ये फरक काय? हे बोलायला नको होतं. तो त्या रात्री हॉलमध्ये झोपला. पण सकाळी किल्ली घेऊन तोच दारात उभा होता. हमरियाला जायचंय ना, चल, म्हणाला. मुलगीही आली.

दोन तासांचा रस्ता. फ्री झोनच्या गेटबाहेर एका कॅफेटेरियाच्या सावलीत दादा आम्हाला भेटले. मी नारळाच्या वड्या केल्या होत्या, तो डबा त्यांनी घेतला. नवऱ्याने त्यांच्याशी हात मिळवला आणि काय बोलावं न कळून हवेबद्दल बोलत राहिला. मी माफी मागितली. वाटेत दहा वेळा मनात घोकलेली वाक्यं सगळी विसरले, नुसतं "माझं चुकलं" एवढंच म्हटलं.

"बदलीचं काही नाही," ते म्हणाले. "इथे उंदीर आहेत, तिथे झुरळं होती. पोट भरतं. पण त्या पिल्लाचं डोकं मला आठवतं हो. मी इतकी वर्षं विष घालतो, लाखांनी मारले असतील. ते काम आहे. हे काम नव्हतं."

ते मला माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही वदवून घेतलं नाही. मग ते एकदम वळून मुलीशी बोलायला लागले. बिळाची जागा आता रिकामी आहे, ती पुन्हा भरायची कशी, ते तिला समजावलं. संध्याकाळी तोंडाशी मऊ पीठ किंवा बारीक वाळू पसरायची. तीन सकाळी त्यावर पाऊल दिसलं नाही तर आत कुणी नाही असं धरायचं. मग दगड-माती भरायची आणि वर जाड जाळी, हातभर खोल गाडून तिची कड बाहेरच्या बाजूला वाकवायची, म्हणजे उकरणारा जीव जाळीवरच थांबतो. तिने इंग्लिशमध्ये दोन-तीन प्रश्न विचारले. ते त्यांना कळले, त्यांनी मराठीत उत्तरं दिली, आणि ती तिला कळली.

आम्ही तसंच केलं. पीठ पसरायचं काम तिने घेतलं. एसीचं पाणी आता बादलीत पडतं, त्यावर कढीपत्त्याची कुंडी जगते. दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईंशी मी जाऊन बोलले. त्या तीन महिने नाराज होत्या, पण अंधार पडायच्या आत भांडी उचलतात. वास पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे इथल्या भयंकर उन्हाळ्यात, कधीतरी गेला. दादा पुढच्या वर्षी काँट्रॅक्ट संपल्यावर कायमचे गावी गेले. जाण्याआधी त्यांनी फोन केला होता. मी कामात होते, परत केला तेव्हा नंबर बंद झाला होता.

मॅनेजर अजून इथेच आहे. समोरून आला तर "हॅलो मॅडम" म्हणतो. मी उत्तर देत नाही. नवऱ्याला ते पोरकट वाटतं.

मागच्या महिन्यात सहा नंबरमध्ये पुण्याचं एक तरुण जोडपं राहायला आलं. त्या मुलीने कंपाऊंडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. तिच्या पोर्चमध्ये चपलांच्या रॅकखाली एक साळिंदरासारखं काहीतरी आहे, काटेरी, कृपया कुणीतरी पेस्ट कंट्रोलला बोलवा, घरात लहान बाळ आहे. तो जाहक होता, म्हणजे हेजहॉग, मुठीएवढा, अंगाचा काटेरी गोळा करून बसलेला. खाली लगेच मॅनेजरचा अंगठा आला.

मी तशीच चपला घालून गेले. ठरवलं होतं की शांतपणे सांगायचं, जसं मला सांगितलं गेलं होतं. तो निरुपद्रवी आहे, किडे खातो, अंधार पडला की आपला आपण जाईल, रॅक भिंतीपासून जरा पुढे ओढ आणि कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवू नकोस. एवढंच सांगायचं होतं. पण ती दारात बाळ कडेवर घेऊन उभी होती, आणि माझं बोलणं संपायच्या आत म्हणाली, की नाही ताई, मला रिस्क नको, त्यांना आत्ताच काढायला सांगितलंय मी. आणि मी ओरडले. चांगली ओरडले. बाळ रडायला लागलं. मी तिला म्हटलं, फोन लाव त्यांना, माझ्यासमोर लाव, आणि सांग की यायची गरज नाही.

तिने लावला. भीतीनेच लावला. जाहक संध्याकाळी निघून गेला.

ती आता मला बघितलं की दुसऱ्या गल्लीने जाते. माझ्याबद्दल तिने बाकीच्या बायकांना काय सांगितलंय ते मला मुलीकडून कळतं. जाऊन नीट बोल, असं नवरा दोनदा म्हणाला. जाईन कधीतरी. अजून गेलेले नाही.